आबांची उसण

आबा,

गेल्या महिन्यात बारामतीच्या एका दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंसमोर तुमचा विषय निघाला. तुम्ही कशानं गेलात, एवढंच त्यांना हवं होतं. हा प्रश्न मला नवा नाही. माझं लग्न जमवताना विचारला, शाळेत नोकरीला लागताना विचारला, बाळंतपणाच्या वेळी विचारला, आणि दर वेळी मी न अडखळता सांगितलं, उसणीनं गेले. पोरांना खरं बोलायला शिकवण्यात माझा जन्म गेला आणि ही एक गोष्ट मी स्वतः जन्मभर खोटी सांगितली. ह्या वेळी मात्र खरं सांगून आले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहून गेल्यासारखं वाटतंय, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षर जरा हलतंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं अक्षराची लाज वाटायचं तसं कारण नाही.

मी पायाळू जन्मले, पाय आधी आणि डोकं मागून. सुईण घाबरली होती म्हणे, पण तुम्ही बाहेर अंगणात पेढ्याऐवजी गूळ वाटलात. पाठीत, कमरेत एकाएकी चमक भरून माणूस वाकडा झाला की त्याला उसण भरली म्हणायचं, आणि पायाळू माणसानं त्या जागी तीनदा पाय लावला की ती उतरते, हे आपल्या पिंपळी गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सकाळी सकाळी कुणीतरी कमरेवर हात ठेवून कण्हत आपल्या दारात यायचं, ओट्यावर पालथं पडायचं, आणि मी तोंड न धुताच येऊन डावा पाय लावायचे. मग कुणी शेंगा आणून द्यायचं, कुणी वांगी. आमचे मास्तरसुद्धा एकदा आले होते. आदल्याच दिवशी त्यांनी मला पाढ्यावरून छडी मारली होती, म्हणून त्यांना मी पाय जरा जोरातच लावला. ते म्हणाले, लगेच गुण आला. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला गावात तो मान होता. मला नव्हता, माझ्या पायाला होता, पण तेवढा फरक त्या वयात कुठं कळतो?

तुम्ही गुळव्या होता. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत तुम्ही आज ह्याच्या गुऱ्हाळावर, उद्या त्याच्या. उसाचा रस कढायला लागला की मळी काढायची, भेंडीचं पाणी टाकायचं, आणि पाक झाला की नाही हे थंड पाण्यात थेंब सोडून, बोटांत वळून बघायचं. मालक कितीही मोठा असू दे, तुम्ही व्हय म्हणेपर्यंत रसाची काहील उतरायची नाही. मी जेवण घेऊन यायचे तेव्हा तुमच्या अंगाला कढत्या रसाचा वास यायचा, आणि तो तुम्ही आंघोळ केलीत तरी जायचा नाही. आज कुठं गुळाचा चहा मिळाला की मी पहिला घोट घेत नाही. आधी वास घेते. सून म्हणते, आई, थंड होईल.

गुऱ्हाळं पाटाच्या पलीकडं आणि आपलं घर अलीकडं. येताना पाटाचा भराव चढावा लागायचा. त्या वर्षी तुम्ही भरावाच्या मध्यावर थांबायला लागलात. कमरेवर हात, नजर खाली पाण्याकडं. मी विचारलं, तर म्हणालात, "पाणी किती आलंय बघतो." पाण्याची पाळी असो नसो, पाट कोरडा ठणठणीत असला तरी तुम्ही पाणी बघायचात. मला वाटायचं, आबांना पाटाचं फार वेड. थोड्या वेळानं चालायला लागायचात आणि बिडी पेटवायचात.

मग एका संध्याकाळी चुलीपाशी बसता बसता तुम्ही म्हणालात, दोन खांद्यांच्या मधोमध धरल्यागत होतंय, डावा हात जड पडलाय. आईनं तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि शेकत शेकत म्हणाली, उसण भरली, काहिली उचलून उचलून दुसरं काय व्हायचं, घरात पायाळू पोर असताना मीठ कशाला जाळायचं? तुम्ही घोंगड्यावर पालथे झालात. मी मात्र जागची हलेना. बापाला पाय लागला तर पाप लागतं, हे आईनंच शिकवलेलं. तुम्ही मान वळवून म्हणालात, "लाव. बाप सांगतोय म्हणल्यावर पाप न्हाय." मी लावला. तीनदा. मग आई म्हणाली, आता जरा पडून राहा, आणि थोड्या वेळात तुम्ही उठून बसलात आणि भाकरी मागितलीत. मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हापासून तो आपला रिवाजच झाला. आधी माझा पाय तुमच्या पाठीला, मग माझं डोकं तुमच्या पायाला, आणि मग तुमच्या बंडीच्या खिशातून निघालेला, बिडीचा वास लागलेला गुळाचा खडा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती, आबा. तुम्ही पडून राहत होता म्हणून दुखणं थांबत होतं. पाय मी नसता लावला तरी थांबलं असतं. पण हे कळायला मला साठ वर्षांहून जास्त लागली.

खोटं बोलले. थोडं तेव्हाही कळलं होतं. इंदापूरच्या त्या दिवशी.

तुम्ही आईला सांगितलंत की कळस गावच्या गुऱ्हाळाचं बोलणं करायला जातो आणि येताना पोरीला इंदापूरचा बाजार दाखवतो. कळस आपण एसटीच्या खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलं नाही. इंदापुरात उतरून तुम्ही विचारत विचारत एका डॉक्टरांच्या दारात गेलात. बारामतीत दाखवलं असतं तर संध्याकाळच्या आत पिंपळीत झालं असतं, आणि छातीच्या दुखणेकऱ्याला काहिलीपाशी कुणी उभं करत नाही. डॉक्टर वयस्कर आहेत, धोतर आणि वर कोट. ते तुमच्या पाठीला हातही लावत नाहीत. नळी छातीला लावून बराच वेळ ऐकतात आणि मग विचारतात, चढावर दुखतं का? थांबलं की जातं का? जेवून लगेच चाललं तर? तुम्ही प्रत्येकाला व्हय म्हणता, आणि मी कोपऱ्यात उभी राहून मनात म्हणते, ह्यांना कसं कळलं?

डॉक्टर म्हणाले, ही उसण नाही. काळीज सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण ते स्वतःही मांसाचंच आहे, त्यालाही रक्त लागतं. ते रक्त नेणाऱ्या नळ्या तुमच्या आतून अरुंद झाल्यात. बसून असता तोवर पुरतं, चढावर किंवा ओझ्याला पुरत नाही, मग काळीज ओरडतं.

तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "म्हंजी पाटाच्या शेवटाला पाणी पोचंना, असंच की."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, तसंच समजा. पण लगेच गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, की बिडी आजपासून बंद, काहील उचलणं बंद, आणि पुण्याला जाऊन छातीचा आलेख काढून घ्या. एक लहानशी बाटली दिली. दुखायला लागलं की एक गोळी जिभेखाली धरायची आणि बसून राहायचं, उभं राहायचं नाही. मला जवळ बोलावून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, कारण मी शाळेत जाते हे त्यांना तुम्ही अभिमानानं सांगितलं होतं. "बाळ, तू लक्षात ठेव," ते म्हणाले. "जिभेखाली."

बाहेर आल्यावर तुम्ही बाटली चंचीत टाकलीत, तंबाखू आणि चुन्याच्या शेजारी. मग मला वहाणा घेतल्यात. गावात माझ्या वयाच्या एकाही पोरीच्या पायात वहाणा नव्हत्या. चांभारानं कागदावर पाय ठेवायला सांगितलं तर तुम्ही त्याला म्हणालात, "नीट माप घे. ह्या पायाला काटा लागता कामा न्हाय." परतीच्या एसटीत मी पाय खाली न टेकता पुढं करून बसले होते, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, हे डाक्टरचं घरी बोलायचं न्हाय, तुजी आय रडत बसंल. मी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि वर नव्या वहाणा.

ती गोळी तुम्ही एकदाच घेतलीत. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, गोठ्यामागं, माझ्यादेखत. जीभ चुरचुरली, डोकं ठणकायला लागलं, आणि तुम्ही वैतागून म्हणालात, "ह्यापरास तुजा पाय बरा." आबा, तुम्हाला काय माहीत ते वाक्य मी किती दिवस चघळलं. इंदापूरचा एवढा शिकलेला डॉक्टर, कोट घातलेला, आणि त्याच्यापेक्षा माझा पाय बरा. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. तुम्ही टाळलंत, आणि मी आठवण केली नाही. डॉक्टरांचं खरं धरलं असतं तर माझा पाय म्हणजे नुसता पाय ठरला असता.

शिमगा तोंडावर आला होता. तुम्ही गुऱ्हाळावर होतात, मी शाळेत. जळण घालणारा गडी सायकलवर आला आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाला, पोरीला पाठवा, गुळव्याला उसण भरलीय. मी वहाणांसकट धावत सुटले. सायकलवर बसायचंही सुचलं नाही. तुम्ही चिपाडाच्या गंजीला टेकून पडला होता, घामानं भिजलेले, तोंड राखेसारखं. आठ-दहा माणसं भोवती. मालक म्हणाला, आली, आली, वाट द्या. त्यांनी तुम्हाला पालथं केलं आणि मी पाय लावला. तीनदा. थांबलं नाही. मी पुन्हा तीनदा लावला. कुणीतरी म्हणालं, जरा दाबून लाव. मी दाबून लावला. मग मोजायचं सोडून दिलं आणि नुसती पाय मारत सुटले, रडत रडत, आणि सगळे माझ्या पायाकडं बघत होते. तुमची चंची तुमच्या कमरेलाच होती. माझ्या डोळ्यांसमोर होती, आबा. त्यात काय आहे हे त्या सगळ्या माणसांत फक्त मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. जिभेखाली.

तुम्ही म्हणालात, "बास, पोरी. ऱ्हाऊ दे. पाय दुखंल तुजा."

बैलगाडी जुंपून होईपर्यंत तुम्ही गेलात.

दहाव्याच्या आत आत्यानं निदान केलं. पायाळू पोरीच्या पायात कातडं घातलं, पायाचा गुण मेला, आणि उसण बापाच्या काळजात शिरली. आईनं ते नाकारलं नाही. मी त्या वहाणा पाटात सोडून आले, भरावाच्या त्याच जागेवरून, जिथं तुम्ही पाणी बघायचात. त्या दिवशी पाण्याची पाळी होती. एक लगेच बुडाली, एक बराच लांबपर्यंत दिसत होती. खरं सांगायचं तर आत्याचं ऐकून मला बरंच वाटलं. वहाणांमुळं बाप गेला हे सोसायला सोपं होतं. त्यांचा दोष होता, माझा नव्हता. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, शरीरशास्त्राच्या धड्यात फळ्यावर काळजाची आकृती काढून पोरांना रक्ताचा रस्ता खडूनं दाखवला, आणि घरी येऊन कुणी विचारलं की सांगायचे, आमचे आबा उसणीनं गेले. आई जाईपर्यंत तेच. नवऱ्यालाही तेच. माझ्या पायाची गोष्ट मी रंगवून सांगायचे, मास्तरांना जोरात लावला तो भाग तर फारच. सगळे हसायचे. एवढं हसू झाल्यावर पुढचं कोण विचारतंय?

आता तुमच्या नातवाबद्दल. तो बावन्नचा झाला. डाळिंबं लावली आहेत, मार्केटला जाणं-येणं, फोन एक मिनिट गप्प नसतो. बिडी नाही, पण दिवसाला पाकीट सिगारेट. आमच्या पिढीत उसण होती, ह्याच्या पिढीत पित्त आलं. जरा छातीत जळजळलं की पुडी पाण्यात टाकून पितो आणि ढेकर देतो. दिवाळीनंतर एक दिवस गच्चीवरची टाकी बघायला म्हणून तो जिना चढला. मी खाली मेथी निवडत होते. सातव्या-आठव्या पायरीवर तो थांबला. एक हात कठड्यावर, नजर खाली फोनमध्ये. मी म्हटलं, काय रे? तो म्हणाला, "काय न्हाय, मेसेज बघतोय." आबा, फोनचा दिवा लागलेला नव्हता. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मला पाट दिसला, तुम्ही दिसलात, कोरड्या पाटात पाणी बघणारे.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट करून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. म्हातारीला गुडघे दाखवायचेत असं खोटं सांगून त्याला नेलं. तुमच्याकडूनच शिकले. तिथं मी त्याच्या जळजळीचा विषय काढला, मग त्याचा आलेख काढला, तो बरा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपून काढलेला आलेख बरा येऊ शकतो, पण घरात कुणाला हृदयाचं काही होतं का? तो हसून म्हणाला, कुणाला नाही, आजोबा तर उसणीनं गेले, आणि वर अभिमानानं, माझी आई पायाळू आहे म्हणून सगळी गोष्ट सांगायला लागला. माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत. मास्तरांपर्यंत आल्यावर बाईही हसल्या. कागदावर त्यांनी "नाही" लिहायला पेन टेकवलं होतं, पित्ताची गोळी देऊन आम्हाला पाठवणारच होत्या.

मी म्हटलं, "बाई, थांबा. माझे वडील हृदयविकारानं गेले. चाळिशीच्या आत. मला माहीत होतं."

पोरगा माझ्याकडं बघत राहिला. मी सगळं सांगितलं. भराव, इंदापूर, बाटली, चंची. त्याच्याकडं न बघता टेबलावरच्या काचेकडं बघून सांगितलं. तो जिन्यावर थांबतो हेही सांगितलं. मग बाईंनी त्याला चालत्या पट्ट्यावर चालवलं आणि पाच मिनिटांत उतरवलं. पुढं पुण्याला नेलं. एक नळी जवळजवळ बंद होती, तिच्यात जाळी बसवली. घरी पाठवताना तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. त्याच संध्याकाळी मी बारामतीच्या बाईंना फोन करून हळूच विचारलं, त्या काळची ती गोळी जिभेखाली दिली असती तर? त्या म्हणाल्या, कळ थोडी कमी झाली असती कदाचित, पण एवढ्या मोठ्या झटक्याला ती पुरली असती असं नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या का, हे मी विचारलं नाही. एवढ्यावर मी आठ दिवस झोपले आहे, आबा. त्याच्या आधीची झोप कसली होती ते तुम्हाला सांगत बसत नाही.

पोरगा रागावला असेल असं वाटलं होतं. गाडीत तो एवढंच म्हणाला, "दहा वर्साची व्हतीस तू." मी म्हटलं, दहाच्या पोरीला एक शब्द बोलता येतो. त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला. सिगारेटचं पाकीट त्यानं सुनेच्या हातात दिलंय. दुसरं कुठं दडवलंय का ते मी शोधते आहे.

ही पानं त्याच्या दवाखान्याच्या फायलीत ठेवणार होते, पण ती फाईल सून रोज उघडते. माझ्या ट्रंकेत, इरकली लुगड्याच्या घडीत ठेवते. तिथं कुणी हात घालत नाही.

एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. त्याच्या गोळ्या मी घड्याळ लावून देते. कुठली जिभेखालची, कुठली पाण्याबरोबरची, घरात सगळ्यांना पाठ करायला लावलीय, कामाच्या बाईलासुद्धा. शास्त्राला मी कुठं कमी पडलेली नाही. पण काल दुपारी तो कुशीवर झोपला होता, पाठ माझ्याकडं करून. घरात कुणी नव्हतं. मी चप्पल काढली, भिंतीला धरलं आणि डावा पाय उचलला. दिवाण बुटका आहे म्हणून जमलं. दोन खांद्यांच्या मध्ये दोनदा लावला. तिसऱ्याला तोल जायला लागला म्हणून मी पाय खाली घेतला आणि चोरासारखी वळले.

तो डोळे न उघडता म्हणाला, "आई, एक ऱ्हायला."